आंबिलीच्या म्होरं कोण?

"काका, हळू! घर डुलायलंय! काका, घर!"

राजेश्रीने जीपच्या मागच्या काचेला नाक चिकटवलं होतं. काचेवर तिच्याच श्वासाची वाफ धरत होती आणि ती स्वेटरच्या बाहीने पुन्हा पुन्हा काच पुसत होती. जीपला मागे जोडलेली पत्र्याची खोली उतारावर डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. प्रत्येक झोक्याला ती जास्तच झुकत होती!

योगीराजकाकांनी आरशात पाहिलं आणि घाबरून करकचून ब्रेक दाबला. झालं! मागची खोली जीपलाच ढकलू लागली. रात्रभर पडलेल्या दवाने डांबर ओलं झालं होतं. त्यावरून जीप तिरकी सरकली, रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीच्या झुडपात जाऊन थांबली.



"मेलो का आपण?" राजेश्रीने हळूच विचारलं.

"मेली असतीस तर एवढी बडबडली असतीस का?" शंभुराज म्हणाला.

शंभुराज आणि राजेश्री ही भावंडं परभणीची. नाताळच्या सुट्टीत दोघं काकांकडे राणीसावरगावला आली होती. काकांची मुलगी शिवकन्या त्यांच्याहून थोडी मोठी, आठवीतली. तिच्या वर्गातला सिद्धोधन शेजारच्याच गल्लीत राहायचा, आणि सुट्टीत तो जेवायला तेवढा घरी जायचा. कधी कधी तेही नाही.

यंदा सुट्टी आणि येळवस जोडून आली होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या! त्या दिवशी अख्खं गाव रानात जातं. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडवांची पूजा मांडायची, भज्जीची भाजी, बाजरीचे उंडे आणि ताकातली गार आंबील पोटभर हाणायची, आणि सूर्य बुडेपर्यंत घराचं नाव काढायचं नाही. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा मान सिद्धम्माआजीचा. लग्न होऊन आल्यापासून तिने तो कधी कुणाला दिला नव्हता.

पण आजीच्या खुब्याचं हाड मोडलं आणि दोन येळवशी ती खाटेवरच राहिली. आता ती काठी धरून चालू लागली होती. डॉक्टरांनी मात्र बजावून ठेवलं होतं की खाली बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही, आणि थंडीवाऱ्यात दिवस काढायचा नाही. रानात तर बोचरा वारा, ना खाट, ना बसता येईल असा संडास! म्हणून योगीराजकाकांनी जुन्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली उभी केली. तिच्यात खाट, खिडक्या, एका कोपऱ्यात खुर्चीसारखा संडास. काकांना वेल्डिंगचा भारी नाद. खोली झाली तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती.

शिवकन्येने आता त्याच खोलीचं दार उघडलं आणि ती तिथेच थबकली. गादी खाली घसरली होती, उशी संडासात पडली होती आणि पितळेचा तांब्या चेपून दाराशी आला होता.

"आजी या खाटेवर झोपून येणार होती ना?" ती म्हणाली.

बसवंतरावआबा पुढच्या सीटवरून उतरले. आबा म्हणजे घरातलं सुप्रीम कोर्ट. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर घोंगडी आणि बोलणं मोजकं. त्यांनी खोलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"उंद्या सकाळी आणिक एक डाव बगू," ते म्हणाले. "उंद्या बी डुलली, तर येळवशीला सिद्धम्मा घरीच राहील. माझी बायकू मला जड झाली न्हाई अजून!"

"आबा, थंडीनं टायर कडक झालेत. रस्ता बी वला हाय..." काका चाचरले.

"थंडी काय परवा ऱ्हाणार न्हाई व्हय? येळवशीला काय ऊन पडतंय?"

काका टायरची हवा बघायला वाकले. आणि परवाच येळवस होती!

घरी गेल्यावर आजीला कुणी काही सांगायच्या आतच तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं. "जाऊ द्या रे," ती म्हणाली. "मी हितूनच हात जोडीन." आणि तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली. राजेश्रीला एकदम रडूच आलं.

दुपारी उन्हात चौघांची बैठक भरली, अंगणातल्या जुन्या बैलगाडीवर. बैल केव्हाच विकले होते, गाडी तेवढी उरली होती.

"एक गोष्ट मला कळायली न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "काल सांजेला आपून याच उतारावरून गेलतो. तेच घर, तीच जीप, तेच काका. काल तर घर गरीब गाईवानी मागं मागं आलं!"

"काल दव नव्हतं," शिवकन्या म्हणाली.

"दवानं गाडी घसरंल. डोलंल कामून?"

"भूत असंल!" राजेश्री म्हणाली. बैठकीत तिचं कुणी ऐकत नाही हे पाहून ती रागाने उठली आणि गाडीच्या पार मागच्या टोकाला जाऊन बसली. शंभुराज तिला चिडवायला तिच्या मागे गेला. सिद्धोधन ते भांडण सोडवायला गेला.

आणि धाडकन्! गाडीचं मागचं टोक जमिनीला टेकलं आणि पुढचं जू आभाळाकडे गेलं! तिघं एकमेकांवर आपटली. पुढे बसलेली शिवकन्या घसरगुंडीवरून यावी तशी त्यांच्या डोक्यावर आली.

"उलाळ झाली, उलाळ!" ओसरीवरून शिवकन्येची आई, नर्मदाबाई, ओरडली. "सगळे मागं बसल्यावर गाडी उलाळणारच की! अकला हायेत का गहाण टाकल्या?"

सिद्धोधन खाली पडल्या पडल्याच हसायला लागला. "अय शिवकन्ये! घरातलं सामान कुटं होतं?"

"पुढं. काल आपूनच भरलं की. लोखंडी पेटी, पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, सगळं पुढच्या भिंतीला."

"चल, बगू!"

चौघं पळत खोलीकडे गेली. पेटी मागच्या भिंतीला! कॅन मागे! गॅसची टाकीही मागे, सुंभाने करकचून बांधलेली!

"घसरत गेलं असंल," शंभुराज म्हणाला.

"आन् जाता जाता सोताच सुंभ बांधून घेतला व्हय?" शिवकन्येने कमरेवर हात ठेवले. "कुणीतरी हलवलंय. मागं वजन, म्हणून म्होरला दांडा वर उचलायलाय. जीपची पकडच सुटायली. मग शेपूट हलणारच!"

"कोण हलवंल? आजीनं येळवशीला जाऊ नये असं कुणाला वाटतंय?" राजेश्रीने डोळे मोठे केले.

हा प्रश्न मात्र सगळ्यांनाच बोचला.

संध्याकाळी त्यांनी सगळं सामान पुन्हा पुढे ओढलं आणि पक्कं बांधलं. काकांना आधी बैलगाडीची उलाळ करून दाखवली, मग खोली दाखवली. काकांनी कपाळावर हात मारला. "आरं, मी वेल्डिंगच बगत बसलो! आन् वरून ब्रेक दाबला! डोलायली तर नुसता पाय काढायचा असतो." त्यांनी लगेच जीप आणि खोली यांच्यामध्ये एक जाड साखळी जोडली. जोडाची पिन निघालीच तरी खोली सुटून जाऊ नये म्हणून. राजेश्रीने बाजारातून आणलेल्या लाल रेडियमच्या पट्ट्या खोलीच्या पाठीला चिकटवल्या. त्यातून तिने दोन डोळे आणि एक हसरं तोंड केलं.

"धुक्यात हे बगून मागचा डायवर भिऊन पळंल," शंभुराज म्हणाला.

"पळू दे. आदळण्यापरीस बरं!"

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा थंडीने कहर केला होता. पत्र्यावर दव गोठल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. बोटं आखडलेली, दात कडकड वाजणारे. अशाही थंडीत चौघं गोधड्या गुंडाळून खोलीकडे धावली आणि दार उघडून बघतात तो काय? सामान पुन्हा मागे!

"चोर!" राजेश्री किंचाळली.

"चोर न्यायला येतो, मांडणावळ करायला न्हाई," सिद्धोधन म्हणाला. तो पेटीपाशी वाकला. काळ्या पेटीच्या कडीजवळ पांढरट बोटं उमटली होती. एक, दोन, तीन. त्याने नाक जवळ नेलं. "पीठ न्हाई. चुलीतली राख बी न्हाई."

शिवकन्येने एकदा पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. "विभूती हाय."

"मग काय झालं? तुमच्या घरात सगळेच लावतेत की," सिद्धोधन म्हणाला.

"लावतेत. पण आंघोळ झाल्यावर!" शिवकन्या म्हणाली. "आता सांग, आज आंघोळ कुणाची झाली? आई चुलीपाशी. पप्पा अजून रजईत. शंभुराज, तू?"

"मी तर परवापासून..." शंभुराज बोलता बोलता थांबला.

"असल्या थंडीत दिवस उगवायच्या आत आंघोळ करून लिंगपूजा करणारं आमच्या घरात एकच माणूस हाय!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुप्रीम कोर्ट!

आता आली का पंचाईत! चोर सापडला, पण त्याला धरायचं कुणी? खोलीत पुढच्या खिडकीपाशी चुंबळ ठेवलेली होती आणि तिच्यावर खिडकीच्या गजाला बांधलेलं नवं रंगवलेलं मडकं होतं. आंबिलीचं मडकं, अजून रिकामं. त्याच्या पुढे काडीदेखील नव्हती. काल गादी, उशी, तांब्या गोळा करण्याच्या आणि सामान ओढण्याच्या नादात त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

अंगणात शेकोटी पेटली होती. आबा हात शेकत बसले होते. शेजारच्या खाटेवर आजी, शालीत. काका चहा पीत होते. चौघं येऊन उभी राहिली. सिद्धोधनने शंभुराजला ढकललं, शंभुराजने शिवकन्येला.

"आबा, घरातलं सामान तुमी मागं सारलं का?" शिवकन्येने एका दमात विचारलं.

काकांना ठसका लागला. आबा शांतपणे म्हणाले, "व्हय. मीच."

"पण कामून?"

"आंबिलीच्या म्होरं काई ठिवायचं न्हाई. न भांडं, न माणूस. माझ्या आज्यापासून हीच रीत. ह्या पोरायनं गॅसची टाकी आंबिलीच्या नाकाम्होरं ठिवली. मी कुणाला बोललो न्हाई. सोता उचललं, मागं ठिवलं."

"आबा, त्यानंच उलाळ झाली!" सिद्धोधन म्हणाला. "म्हणून घर डोलायलंय!"

"मला उलाळ शिकवायलास व्हय?" आबा गुरगुरले. "गाडीवर जन्म काढला म्या. उलाळ झाली की बैलाच्या गळ्याला फास बसतो. जीपला कुटं गळा हाय?"

"जीपला गळा न्हाई, पण आजीला कंबर हाय!" राजेश्री ओरडली.

काकांनी कप खाली ठेवला. आता आबा चिडणार! पण राजेश्री एकदा सुटली की सुटली.

"आन् आबा, आंबिलीच्या म्होरं कुणीच चालत न्हाई, तर जीप कशी चालती? जीप तर घराच्या म्होरंच हाय! आन् जीपमधी म्होरल्या शिटावर काल कोण बसलतं?"

काल पुढच्या सीटवर कोण बसलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ह्याचा... ह्याचा तर म्या विचारच केला न्हाई," ते म्हणाले.

आणि खाटेवरून हसण्याचा आवाज आला. आजी हसत होती! शाल तोंडाला लावून, पोट धरून हसत होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

शिवकन्येला तिथेच सुचलं. "मग आंबील जीपमधी ठिवायची! सगळ्यात म्होरं! मागं घरात कुटंबी काय बी ठिवलं तरी ते आंबिलीच्या मागंच!"

"आन् जीपमधी मडकं धरायचं कुणी?" आबांनी विचारलं.

सगळे फक्त आजीकडे बघू लागले.

"आजीनं घरात झोपून यायचंच न्हाई," शंभुराज म्हणाला. "चालत्या घरात कुणीच बसायचं न्हाई. म्होरल्या शिटावर जाड उशी टाकू, म्हंजी खुबा वर ऱ्हाईल. घर रानात गेल्यावर वापरायचं."

"डॉक्टर बी असंच म्हनलेते," काका हळूच म्हणाले. "उंच बसवा म्हनले. घर करायच्या नादात मीच इसरलो."

"मग मी कुटं बसू?" आबांनी विचारलं.

"मागं. आमच्यात!" राजेश्री म्हणाली. "पण चॉकलेट आणावं लागंल."

त्याच सकाळी दुसरी परीक्षा झाली. सगळं वजन पुढच्या भिंतीला, टायरमधली हवा मोजून भरलेली, वर साखळी. मधल्या सीटवर आबा घोंगडी आवळून बसले, डोळे मागे. त्याच उतारावर काकांनी आधीच गिअर खाली आणला आणि ब्रेकला जेमतेम पाय लावला. खोली डुलली नाही. एकदाही नाही! आबांनी नुसती मान हलवली, पण घरी परतल्यावर आजीच्या चपला त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून दारात ठेवल्या.

येळवशीच्या सकाळी धुकं असं दाट की गल्लीचं टोक दिसेना. "ऊन वर येऊ द्या, मंग निगू," काका म्हणाले, आणि या वेळी घाई करणाऱ्या राजेश्रीचंही कुणी ऐकलं नाही. धुकं जरा विरळ झालं तेव्हा जीप निघाली. पुढच्या सीटवर आजी ताठ बसली होती. अंगावर ठेवणीतलं इरकल, कपाळावर विभूती आणि मांडीवर शालीत गुंडाळलेलं आंबिलीचं मडकं.

"आंबिलीला शाल, आन् मला?" आबा मागून कुरकुरले.

"तुमाला नातवंडं हायेत की," आजी म्हणाली.

उतार सुरू झाला. खाली सखल भागात धुकं अजून साचलेलं होतं. काका गोगलगाईच्या चालीने उतरत होते. आजी समोर बघत होती. इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे चाललेले तिचे डोळे!

"योग्या, थांब," ती एकदम म्हणाली. "म्होरं काईतरी काळं हाय."

काकांनी पाय काढला, हळू, मग आणखी हळू ब्रेक दाबला. मागची खोली शहाण्यासारखी सरळ राहिली आणि जीपसोबतच थांबली. समोर काही हातांवर धुक्यातून उसाने खच्चून भरलेली ट्रॉली दिसू लागली. चाक निखळून रस्त्यातच उभी होती. ना दिवा, ना दगड, ना रेडियम!

घर परवासारखं डुललं असतं तर? जोरात आलो असतो तर? आजीने मडकं आणखी घट्ट धरलं होतं. थेंबही सांडला नव्हता.

ट्रॉलीचा ड्रायव्हर महारुद्र रस्त्याच्या कडेला उसाचं पाचट पेटवून शेकत बसला होता.

"आरं बाबा, तू शेक घे, पण तुझ्या ट्रॉलीनं लोकायचा जीव घ्यावा का?" आबा उतरून गरजले.

"रातीपासून हितंच हाय, आबा. मिस्त्री यायलाय..."

"मिस्त्री येईस्तोवर हे लावू!" राजेश्रीने खिशातून उरलेल्या रेडियमच्या पट्ट्या काढल्या. चौघांनी ट्रॉलीच्या पाठीला भराभरा पट्ट्या चिकटवल्या. सिद्धोधन आणि शंभुराजने मागे वरच्या वळणापर्यंत जाऊन रस्त्याच्या कडेने हिरव्या फांद्या टाकल्या. महारुद्र मान खाली घालून त्यांच्याबरोबर फांद्या ओढू लागला. निघताना आजीने त्याच्या लोट्यात आंबील ओतू दिली नाही. "पूजा झाल्यावर धाडते," ती म्हणाली. "उपाशी ऱ्हाऊ नको मातर." आणि तिने चार उंडे त्याच्या हातावर ठेवायला लावले.

काकांनी जीप ट्रॉलीच्या कडेने जपून काढली आणि रान आलं. हरभरा दवाने चमकत होता, करडई पिवळी झाली होती, आणि कडब्याची खोप उभी होती. काकांनी खोलीच्या चाकांना दगड लावले. आजी जीपमधून उतरली. एका हातात काठी. मडकं आता डोक्यावर कसं घ्यायचं? तिने एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा खोपीकडे. मग तिने चुंबळ उचलली आणि शिवकन्येच्या डोक्यावर ठेवली. काकांनी मडकं वर चढवून दिलं.

"मान ताठ," आजी म्हणाली. "नजर म्होरं. मी हाय संगं." आणि तिने शिवकन्येच्या खांद्यावर हात ठेवला.

दोघी एकेक पाऊल टाकत निघाल्या. धुऱ्यावर बोरीची काटेरी फांदी पडलेली दिसली, तसे आबा लगबगीने पुढे धावले.

"आंबिलीच्या म्होरं कोण?" आजीचा आवाज रानभर घुमला.

आबा जागच्या जागी थिजले. मग मुकाट वळले आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. काठीने ती फांदी आजीनेच बाजूला सारली.

पूजा झाली, "हर हर महादेव" झालं. आधी महारुद्रसाठी तांब्या भरून काका निघाले. आंबिलीचा पहिला पेला दरवर्षी आबांचा. आबांनी तो हातात घेतला, चौघांकडे पाहिलं आणि राजेश्रीपुढे धरला.

"पी. सगळ्यात लहानी तू, पण माझ्या आज्याच्या रितीतलं भोक तूच दावलंस. आन् तुमी तिघं! उलाळ मला ठावं होती, पण ती बगायचे डोळे तुमचे होते. शाबास, पोरांनो! पुढल्या येळवशीला घर तुमीच भरायचं. मी हात लावणार न्हाई."

"आन् म्होरली सीट?" आजीने विचारलं.

"ती तुजीच," आबा म्हणाले, आणि दुसरा पेला त्यांनी आजीच्या हातात दिला.

आजीने चाकांच्या खोलीत, उबदार खाटेवर टेकून, उघड्या दारातून हिरव्या रानाकडे बघत तो एका दमात संपवला. ओठांवर पांढरी मिशी उमटली. "अजून!" ती म्हणाली.